भाऊंची पुळण : त्यांनी शिकवलेलं मापासकट लिहा

भाऊ गेले. दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर कासवांचं काम करणाऱ्या कितीतरी जणांनी पहिलं घरटं त्यांच्या शेजारी बसून उकरलं. हारतुऱ्यांचं त्यांना वावडं होतं, म्हणून इथे नुसतं 'भला माणूस' नको. नोव्हेंबरात माद्या पुळणीवर चढायला लागतील, गस्तीला नवी पोरं आहेत. त्यांच्या कामी येईल असं, आपापल्या टोपणनावाने लिहा.

पहाटवारा : मादीचा वाळूतला माग उजाडण्याआधी बघायचा, नंतर कुत्री, माणसं आणि भरती मिळून पुसतात. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचा माग साधारण अडीच फूट रुंद, डाव्या-उजव्या वल्ह्यांचे, म्हणजे चपट्या पायांचे, ठसे एकाआड एक. चढता आणि उतरता माग जिथे मिळतात, तिथे वाळू विस्कटलेली असते. काठी खुपसू नका. एक अंडं फुटलं की मुंग्या लागतात, वासावर कोल्हा येतो. बोटांनी चाचपा, घरट्यावरची वाळू सैल लागते. ही नजर पूर्वी अंडी विकणाऱ्यांकडे होती. भाऊंनी त्यांना चारचौघांत कधी टोचून बोललं नाही, सरळ गस्तीवर घेतलं.

सुरूबन : अंडी हलवण्याबद्दल लिहितो, कारण चुका इथेच होतात. एका घरट्यात शंभर ते दीडशे अंडी. उधाणाचं पाणी पोहोचणार असेल किंवा कोल्ह्याकुत्र्यांचा उपद्रव असेल तर हलवायची, तीही घातल्यापासून सहा तासांच्या आत. पुढे गर्भ कवचाला आतून चिकटतो. मग अंडं फिरलं की संपलं. वरची बाजू वरच ठेवा. बादलीत तळाला त्याच घरट्यातली ओलसर वाळू. धुवायची तर मुळीच नाहीत.

नवा खड्डा सुमारे दीड फूट, मडक्यासारखा : तोंड अरुंद, पोट गोल. मूळ घरट्याचं माप घेऊन तेवढाच करा. भाऊ हातानेच मापायचे, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. दोन घरट्यांत हातभर अंतर पुरत नाही, मीटरभर ठेवा. सुरूच्या अगदी बुंध्याशी नको, मुळ्या घरट्यात शिरतात. दाट सावलीही नको, कारण पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं. ऊब जास्त तर माद्या जास्त. पाटीवर तारीख आणि अंड्यांचा आकडा. आकडा अंदाजे टाकलेला भाऊंना चालायचा नाही. पण रागावणं नाही, शेजारी बसून पुन्हा मोजायला लावायचे.

खाडीकाठ : पंचेचाळिसाव्या दिवसापासून घरट्यावर टोपली. पिल्लं पंचेचाळीस ते साठ दिवसांत येतात. टोपली ठेवून चहाला गेलात आणि ऊन चढलं, तर आतली पिल्लं भाजतात. कुर्ल्याही टपलेल्या असतात.

येरवाळी : सोडताना पिल्लं पाण्यात ठेवायची नाहीत. लाटेपासून दहा-पंधरा फुटांवर, ओल्या वाळूवर. पुढे ती चालत जातात. त्याआधी माणसांच्या पावलांचे खळगे फळीने सपाट करा, पिल्लू उताणं पडलं की अडकतं. बॅटरी आणि फ्लॅश बंद, पिल्लं उजेडाकडे वळतात. बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीला पुढे गावातली पोरं, मागे पाहुणे. हा क्रम भाऊंचा, आणि कॅमेरेवाल्यांच्या कुरकुरीने तो बदलला नाही.

नाखवा : जाळ्यात सापडलेलं कासव वल्ह्याला धरून ओढू नका, कवचाच्या दोन्ही कडा धरून उचला. दमलेलं असेल तर सावलीत ठेवा, ओलं फडकं घाला, नाकपुड्या मोकळ्या. जखमी कासव परत समुद्रात ढकलू नका, वनखात्याला १९२६ वर कळवा.

जाळं कापायला खलाशी कचरतो, त्यात नवल काय? पोटाचा प्रश्न. संरक्षित प्राणी सोडवताना फाटलेल्या जाळ्याला वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, ही योजना २०१८ पासूनची. पण कापण्याआधी अडकलेल्या कासवाचा आणि नंतर सोडतानाचा फोटो हवा. फोटो नसेल तर अर्ज अडतो. अर्ज भाऊ स्वतः लिहून द्यायचे, लिलाव उरकल्यावर बंदरावर, बर्फाच्या पेटीवर कागद ठेवून.