काळ्या गाडीवर गोल बारीक ओरखडे, धुवायची कशी? (बजेट २०००)

घाटवाट: आठ महिन्यांची काळी गाडी, पुण्यात सोसायटीतल्या आंब्याखाली उभी असते. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात, जीव तुटतो. सोसायटीत गाड्या पुसणारे मामा रोज पहाटे कोरड्या फडक्याने पुसतात. पाणी बोअरचं, वाळलं की पांढरे डाग. २००० रुपयांत काय घेऊ? रंगावर संरक्षक थराचं कोटिंग करण्याएवढे पैसे नाहीत.

रेडलाइन_नाशिक: सिरॅमिक कोटिंग करून टाका. मी २२ हजार दिले. दोन वर्षं झाली, पाण्याचा थेंब थांबत नाही. लोक अजून विचारतात, नवीन घेतली का!

अण्णा६२: अहो, त्यांनी २००० लिहिलंय. माझी गाडी १४ वर्षांची आहे. शाम्पू आणि दर तीन महिन्यांनी वॅक्स, बास.

मालवणकर: कोटिंगवरही ओरखडे पडतात, मी भोगलंय. आधी पॉलिश केलं नाही तर जुने ओरखडे खाली तसेच राहतात. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने गाडी खालून गंजते, ते आधी बघा.

रेडलाइन_नाशिक: तुमचं काम नीट झालं नसेल.

सुमेधा_जी: मूळ दुखणं कोरडं फडकं. रात्रभर बसलेली धूळ म्हणजे बारीक वाळूच, ती कोरडी पुसली की पॉलिशपेपर फिरवल्यासारखं होतं. मामांना बंद करा. दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. आधी पाणी मारून धूळ उतरवा, मग मायक्रोफायबरचा हातमोजा टपापासून खाली. दर थोड्या वेळाने तो साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवा. चाकांचं फडकं वेगळं. हे सगळं सावलीत, बॉनेट गार झाल्यावर. शेवटी टॉवेलने टिपा, घासू नका.

अण्णा६२: तेच म्हणतोय, शाम्पू आणि वॅक्स. भांड्याचं लिक्विड नको, वॅक्स धुऊन निघतं.

चिंचवड_एक्स्प्रेस: मी कायम भांड्याचंच वापरतो, काही होत नाही. बोअरच्या डागांसाठी शेवटचं पाणी आरओचं टाकाऊ मारा, फुकट मिळतं.

सुमेधा_जी: दादा, त्यात तर क्षार जास्त असतात! एसीचं पाणी साठवा. पडलेल्या डागांवर पांढरं व्हिनेगर निम्म्याला निम्मं पाणी घालून लावा, मिनिटभराने धुवा.

मालवणकर: आंब्याखालून गाडी हलवा. मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा पडतो, त्यावर धूळ बसते.

कबुतरखाना: माझ्या टपावर मे महिन्यात कबुतराची घाण दोन दिवस राहिली. वाळलेली नखाने खरवडली. आता तिथे बोट फिरवलं की खड्डा लागतो. ओल्या फडक्याने भिजवून उचलायला हवी होती. नंतर रबिंग (घासून पॉलिश) करून घेतलं, पण ते सारखं करू नका, रंगावरचा पारदर्शक थर (क्लिअर कोट) पातळ होतो.

घाटवाट: सगळ्यांचे आभार. दोन बादल्या, हातमोजा, दोन टॉवेल, शाम्पू, वॅक्स मिळून १८५० झाले. मामांना बंद करणार नाही. त्यांचं घर या सोसायटीच्या गाड्यांवर चालतं. रोज पुसणं थांबवलं, दर रविवारी आम्ही दोघं मिळून धुणार, महिन्याचे पैसे तेवढेच. काल पहिल्यांदा धुतली. बादलीच्या तळाशी बसलेली वाळू मामा बराच वेळ बोटांत चोळून बघत होते. आणि गाडी आंब्याखालीच राहील, उन्हाळ्यात तेवढीच सावली आहे.