लोकवर्गणी आणि स्ट्रीमिंगचा हिशेब
स्ट्रीमिंगमधून काहीच मिळत नसल्याने लोकवर्गणी हाच कलावंतांपुढचा एकमेव मार्ग आहे, हे मत मला अर्धेच पटते. मॅरिलियन या ब्रिटिश बँडच्या चाहत्यांनी १९९७ मध्ये इंटरनेटवरून सुमारे ६० हजार डॉलर जमवून त्यांचा अमेरिका दौरा घडवून आणला, तो किकस्टार्टर हे लोकवर्गणीचे संकेतस्थळ सुरू होण्याच्या १२ वर्षे आधी. मात्र त्या चाहत्यांचा पाया जुन्या रेकॉर्ड कंपनीच्या काळात घातला गेला होता, आणि नवोदितांकडे नेमकी हीच पुंजी नसते. शिवाय मधला दुवा बुडाला की कलावंतही बुडतो: २०१९ मध्ये संगीतकारांसाठी लोकवर्गणी गोळा करणारे प्लेजम्युझिक हे संकेतस्थळ बंद पडले, तेव्हा चाहत्यांनी दिलेले पैसे अनेक संगीतकारांपर्यंत पोहोचलेच नाहीत.

खरा प्रश्न स्ट्रीमिंगच्या पैशांच्या वाटपाचा आहे. बहुतेक स्ट्रीमिंग सेवा सर्व श्रोत्यांनी सेवेसाठी भरलेली वर्गणी एकत्र करून एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटतात, त्यामुळे मी महिनाभर एकाच गायिकेला ऐकले तरी माझ्या पैशांचा मोठा भाग भलत्याच लोकप्रिय कलावंतांकडे जातो. साउंडक्लाउड या स्ट्रीमिंग सेवेने २०२१ मध्ये श्रोत्याची वर्गणी त्याने ऐकलेल्यांनाच देण्याची पद्धत स्वीकारली, आणि छोट्या पण निष्ठावान श्रोतृवर्गाच्या कलावंतांसाठी मला ती अधिक न्याय्य वाटते.