हळदीचा वर्षाचा माल एकदम भरू नका

बचत गटातल्या बायकांना बारमाही काम मिळावं म्हणून हळद पावडर करायची, पण दर सारखा हलतोय. मग वर्षाचा माल आत्ताच भरावा का, असं ताईंनी विचारलंय. ताई, नको.

सांगली मार्केट यार्डात नवा माल फेब्रुवारी-मार्चपासून वाढतो. गरजेच्या निम्मा तेव्हा घ्या, उरलेला दोन-तीन टप्प्यांत. घेताना हळकुंड मोडून बघा. टणकन् मोडलं तर वाळलेलं. वाकलं की ओल आहे, पावडरीच्या गुठळ्या होणारच. कायद्यानंही पावडरीत १० टक्क्यांवर ओलावा चालत नाही.

हिशेब चुकतो तो घटीत. १०० किलोतून ९५ किलो पावडर धरा. समजा हळकुंड १५० रुपये किलोनं पडलं, तर नुसत्या घटीनं पावडर १५८ ला जाते. दळण, पिशवी, मजुरी वेगळी. मजुरी किलोमागे आधी बाजूला काढा. दर पडला की पहिली कात्री तिथंच लागते आणि ज्यांच्यासाठी धंदा काढला त्याच बायका घरी बसतात.

दळताना पावडर हाताला चटका बसण्याइतकी तापली तर वास उडतो. थांबून थांबून दळा, पूर्ण गार झाल्यावरच पिशवी सील करा. आणि दर हलतो, म्हणून दुकानदाराला पावडरीचा भाव एका महिन्यापुरताच सांगा.