क्लोजाचं सगळं मान्य, पण गर्ड म्युलर?

फुटबॉलर मिरोस्लाव क्लोजाला काहीजण जर्मनीचा बेस्ट स्ट्रायकर म्हणतात, वर्ल्डकपचे १६ गोल वगैरे ठीकच आहे, पण राव त्याचे ७१ आंतरराष्ट्रीय गोल १३७ मॅचेसमध्ये आलेत आणि जर्मनीच्याच जुन्या स्ट्रायकरचे, गर्ड म्युलरचे, ६८ फक्त ६२ मध्ये! बुटका, जाडजूड मांड्यांचा गडी, त्याच्या बायर्न म्युनिक क्लबचा कोच चायकोव्स्की त्याला चक्क 'छोटा जाड्या म्युलर' म्हणायचा.

७४ च्या वर्ल्डकपची फायनल यूट्यूबवर बघा, बोनहोफचा पास उजवीकडून येतो, बॉल पायाला लागून मागे जातो, आपल्याला वाटतं गेला चान्स, तेवढ्यात हा पठ्ठ्या मागे सरकून गर्रकन वळतो आणि जमिनीलगत असा काही सरपटी शॉट मारतो की हॉलंडचा गोली जागचा हलत नाही. २-१, आणि त्या मॅचनंतर साहेब २८ व्या वर्षी नॅशनल टीममधून रिटायर पण झाले.

नंतर दारूने पार वाट लावली होती, होनेस-बेकेनबाउर या जुन्या टीममेट मंडळींनी बाहेर काढलं आणि बायर्नच्या ज्युनियर पोरांना शिकवायला ठेवलं. जर्मन लीगच्या एका सीझनमधला त्याचा ४० गोलांचा रेकॉर्ड बायर्नच्याच लेवांडोव्स्कीने २०२१ च्या मे महिन्यात शेवटच्या मॅचच्या शेवटच्या मिनिटाला मोडला, पण अल्झायमरमुळे म्युलरला ते कळलं तरी असेल का? ऑगस्टमध्ये गेलाच तो.