केळीच्या धाग्याचं सॅनिटरी पॅड: धागा पाणी घेतो, पण दाबला की सोडतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही यावल तालुक्यातल्या बचत गटाच्या बायका. इकडे घड उतरवला की केळीचं खोड बांधावर सडतं, नाहीतर शेतकरी पदरचे पैसे घालून ते बाहेर फेकतो. त्याच खोडाची सोपटं मशीनमधून काढून धागा करायचा आणि त्यातून पॅड बनवायचं, असं काम आम्ही हाती घेतलंय. अहमदाबादला केळीच्या धाग्याचे पॅड बनतात, तेव्हा होतं हे नक्की. अडलंय ते धाग्यावरच्या प्रक्रियेत.

सध्याची रीत सांगते. धागा बोटाच्या पेराएवढा कापतो. मग लोखंडी पिंपात, धाग्याच्या वजनाच्या १० टक्के कॉस्टिक सोडा घालून तीनेक तास उकळतो. पाणी काळं-तपकिरी निघतं, धागा पिवळट राहतो. तो धुऊन हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये गरम करतो, पुन्हा धुतो आणि ताडपत्रीवर उन्हात वाळवतो. क्लोरीनचं ब्लीच वापरायचं नाही, हे आमचं पहिल्यापासून ठरलंय. जी वस्तू तासन् तास अंगाला लागून राहणार आणि शेवटी जाळली किंवा पुरली जाणार, तिच्यात क्लोरीनचे अवशेष नकोत.

चिमूटभर धागा पाण्यात टाकला तर लगेच बुडतो. सर्जिकल कापूस १० सेकंदांत बुडावा अशी अट असते, तेवढं आम्हाला जमतं. पण आयएस ५४०५ या सॅनिटरी पॅडच्या भारतीय मानकातली चाचणी वेगळी आहे. ३० मिलि द्रव मिनिटाला १५ मिलि या वेगाने मध्यावर सोडायचा, वर एक किलोचं वजन ठेवायचं, आणि खालून किंवा कडेने काही दिसता कामा नये. आम्ही मिठाच्या पाण्यात खायचा लाल रंग घालून करून बघतो. द्रव मुरतो छान, पण वजन ठेवलं की कडेला लाल रेघ उमटतेच. आणि बाई बसते तेव्हा किलोपेक्षा कितीतरी जास्त भार येतो.

दुसरं, वाळल्यावर धाग्याचे कडक पापुद्रे होतात. दोन बोटांत चोळले तर कडकडतात, टोकं टोचतात. पिंजून मऊ केले तर अर्धा माल भुगा होतो.

तिसरी अडचण पेरॉक्साइडची. टाकल्या टाकल्या फसफसून वर येतं आणि काही मिनिटांत त्याचा जोर संपतो. पाणी बोअरचं आहे.

मोठ्या कारखान्यांत लाकडाच्या लगद्याला सायट्रिक अॅसिड लावून कडक तापवतात आणि मग तो दबत नाही, असं वाचलं. सायट्रिक अॅसिड म्हणजे आपलं लिंबूसत, ते किराणा दुकानातही मिळतं. बेकरीच्या ओव्हनमध्ये हे जमेल का? बाजारच्या पॅडमध्ये द्रव धरून ठेवायला जी जेल पावडर असते, ती न वापरता चाचणीत बसणं शक्य आहे का? आणि त्या काळ्या पाण्याचं काय करावं? शेजारीच विहीर आहे.

‘घरच्या कापडापेक्षा बरं’ एवढ्यावर आम्हाला पॅड विकायचं नाही. ज्या मुली ते वापरतील त्या आमच्याच घरातल्या आहेत. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मी इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये आहे. आधी ते लोखंडी पिंप बदला, स्टेनलेस स्टीलचं घ्या. लोखंडाने आणि बोअरच्या पाण्यातल्या लोहाने पेरॉक्साइड फुकट फुटतं. शिवाय असं फुटताना पेरॉक्साइड धागाही खातं, भुगा होतो त्याचं हेही एक कारण असणार. पाण्यात आधी सिक्वेस्टरिंग एजंट (पाण्यातलं लोह बांधून ठेवणारं रसायन) घाला, मग पेरॉक्साइड टिकवायला सोडियम सिलिकेट, मग कॉस्टिक, आणि पेरॉक्साइड सगळ्यात शेवटी. पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) साडेदहा ते अकरा, तापमान ८५-९० अंश, हळूहळू चढवत न्या. शेवटच्या धुण्यात थोडं अॅसेटिक अॅसिड टाकून पीएच सातच्या आसपास आणा. पॅडचा पीएच ६ ते ८.५ मध्ये असायला लागतो.

कडकपणाचं म्हणाल तर पाणी उडताना सेल्युलोजचे (केळीचा धागा मुख्यतः याचाच असतो) तंतू एकमेकांना घट्ट धरतात, आणि पुन्हा भिजवले तरी पूर्ण सुटत नाहीत. म्हणून पाणी यंत्रात पिळून काढा, ओलसर असतानाच हाताने मोकळे करा आणि सावलीत वाळवा. कुणी सॉफ्टनर सुचवलं तर अजिबात ऐकू नका. हाताला मऊ लागेल, पण त्यातल्या तेलकट थराने शोषण मरतं.

काळं पाणी नाल्यात किंवा शेतात सोडू नका. त्यातल्या सोडियमने काळी जमीन चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) होते, आणि ती सुधारायला वर्षं लागतात. पक्क्या टाकीत साठवा, पीएच उतरवा आणि पुढचं प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात विचारूनच करा.

प्रतिसाद २

दाबाबद्दल लिहिते, सेल्युलोज हाच माझा विषय आहे. केळीचा एक ‘धागा’ म्हणजे खरं तर कित्येक बारीक पेशींची जुडी, लिग्निन आणि पेक्टिन या झाडातल्याच चिकटवणाऱ्या पदार्थांनी जोडलेली. तुमचा धागा पिवळट राहतो, म्हणजे लिग्निन बरंच उरलंय. जुडी फुटत नाही तोवर धाग्यांमधल्या फटी मोठ्या राहतात, आणि मोठ्या फटीतला द्रव दाबाने सहज बाहेर पडतो. स्वस्त पॅडचं छोटं यंत्र बनवणाऱ्या अरुणाचलम मुरुगनांतम यांच्या यंत्रावरचे पॅड पाइनच्या लगद्याचे असतात. तो लगदा सुट्या पेशींचा असतो, म्हणून पिंजल्यावर बारीक आणि मऊ होतो. तेव्हा आधी लिग्निन काढण्यावर जोर द्या. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये घायपाताच्या धाग्यावर परफॉर्मिक अॅसिडने हे करून दाखवलं, शोषणही उत्तम आलं. पण ते अॅसिड स्फोटक होऊ शकतं. शेडमध्ये त्याच्या वाटेला जाऊ नका.

लिंबूसताचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे. ते सेल्युलोजच्या साखळ्यांना आडवे टाके घालतं, त्यामुळे ओला धागा लोळागोळा न होता स्प्रिंगसारखा उभा राहतो. त्यासाठी सोडियम हायपोफॉस्फाइट उत्प्रेरक म्हणून लागतं आणि १६०-१७० अंशांची कोरडी, सगळीकडे सारखी उष्णता लागते. ओव्हनमध्ये थोड्या मालावर करून बघता येईल, पण खाण्याचे पदार्थ भाजायचा ओव्हन वापरू नका. धागा थोडा पिवळा पडेल, आणि नंतर नीट धुवावा लागेल. मात्र असा धागा द्रव पटकन घेतो आणि पसरवतो, धरून ठेवायला कमी पडतो. म्हणून तो फक्त वरच्या थरात घाला, खाली साधा पिंजलेला धागा दाट भरा.

जेलशिवाय चाचणीत बसता येईल, पॅड जाड होईल इतकंच. मुंबईत माटुंग्याला सिरकॉट ही केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, तिला एकदा लिहा, कापूस आणि इतर धाग्यांवर तिथे काम चालतं.

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचा प्रतिसाद

दादा, ताई, मनापासून आभार. पिंपाकडे आमचं लक्षच गेलं नव्हतं, ते उद्याच बदलतो. थरांचा प्रयोग लगेच करतो. एक राहिलं: लिग्निन काढायला कॉस्टिक वाढवावं की वेळ? साध्या उकळीत जमेल, की प्रेशरचं भांडं लागेलच? भांड्याचा खर्च गटापुढे मांडायचा आहे, म्हणून विचारते.