कार्निव्हलला जुने वर्गमित्र जमवायचे तर

त्रिनिदादच्या अध्यापक विद्यालयातले जुने वर्गमित्र आता टोरांटो, लंडन आणि पोर्ट ऑफ स्पेनला विखुरलेत, कार्निव्हलला त्यांना एकत्र कसं आणायचं, असा एकाचा प्रश्न आहे. त्यावर माझ्या थोड्या सूचना.

तारीख आधी पक्की करा. राखेच्या बुधवारच्या (ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस) आधीचे सोमवार-मंगळवार म्हणजे कार्निव्हल. 2027 मध्ये 8 आणि 9 फेब्रुवारी. खोल्या मात्र निदान सहा महिने आधी धराव्यात.

आखणीच्या ऑनलाइन बैठकीत घोळ होतो तो घड्याळाचा. त्रिनिदादमध्ये घड्याळ कधीच पुढे-मागे होत नाही. उन्हाळ्यात टोरांटो त्याच वेळेवर असतं, हिवाळ्यात एक तास मागे पडतं. लंडन हिवाळ्यात चार तास पुढे, उन्हाळ्यात पाच. म्हणून निरोपात नेहमी त्रिनिदादची वेळ लिहा.

सोमवारी पहाटे चारच्या सुमाराला 'जुवे', म्हणजे कार्निव्हलची पहाटेची रस्त्यावरची धमाल, सुरू होतो: अंगाला चिखल, रंग, तेल फासून. निघण्यापूर्वी अंगाला, विशेषतः कानामागे, मानेवर आणि नखांच्या कडांना खोबरेल चोळा, नाहीतर वाळलेला रंग खरवडून काढावा लागतो. चपला गर्दीत निसटतात, जुने नाडीचे बूटच घाला. फोनच्या भरवशावर राहू नका, भेटायचा कोपरा आदल्या दिवशी ठरवा.

सत्तरीच्या मंडळींना रस्त्यावर नाचणं झेपणार नसेल तर आधीच्या आठवड्यांत संध्याकाळी पॅनयार्डमध्ये न्या. तिथे स्टीलपॅनचा, म्हणजे पोलादी पिंपापासून घडवलेल्या वाद्याचा, सराव चालतो. मोठ्या वाद्यवृंदात शंभरावर वादक असतात. घडीच्या खुर्च्या आणि कानात घालायला कापूस बरोबर ठेवा. मला विचाराल तर जुन्या मित्रांच्या भेटीला याहून चांगली जागा नाही.