अनुभव धागा : परदेशातले वास्तव्य आणि अन्नाची अॅलर्जी

विएन्नावासी
येथील मराठी मंडळींच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाचे निमंत्रण आज आले आणि ‘प्रत्येक कुटुंबाने घरून एक पदार्थ आणावा’ ही ओळ वाचताच जुन्या धास्तीने पुन्हा डोके वर काढले. माझ्या मुलीला शेंगदाणा आणि तीळ या दोन्हींची अॅलर्जी आहे. ऑस्ट्रियातल्या उपाहारगृहात आम्ही बऱ्यापैकी निर्धास्त जेवतो, कारण युरोपीय संघाच्या नियमानुसार डिसेंबर २०१४ पासून १४ अॅलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते. येथे अनेक मेन्यूकार्डांवर पदार्थाच्या नावापुढे बारीक अक्षरे छापलेली असतात. ई म्हणजे शेंगदाणा, एम म्हणजे मोहरी, एन म्हणजे तीळ. वाचता येऊ लागल्यापासून लेक स्वतःच ई आणि एन हुडकते. धास्ती वाटते ती आपल्याच पंगतीत. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, खिचडीत कूट, आणि विचारले तर ‘अगदी नावापुरते घातले आहे’ असे प्रेमळ उत्तर. एका काकूंनी काकडीच्या कोशिंबिरीवरचे कूट चमच्याने बाजूला सारले आणि ‘आता खालचे घे, बाळा’ म्हणून तीच वाटी तिच्यापुढे केली. त्यांच्या मायेविषयी शंका नाही, पण त्या मायेला नाही म्हणायचे कसे? आपले अनुभव अवश्य लिहावेत.

टोरांटोकर
माझे प्रकरण मोहरीचे आहे, म्हणजे आपल्या निम्म्या स्वयंपाकावर फुली. कॅनडाच्या अॅलर्जीकारक घटकांच्या प्राधान्ययादीत मोहरी आहे, त्यामुळे वेष्टनावर तिचा उल्लेख असतो. पण नायगारा ओलांडून पलीकडे गेले की अमेरिकेच्या यादीत मोहरी नाही आणि तिथे ती ‘मसाले’ एवढ्याच शब्दाखाली खपून जाऊ शकते. म्हणून पलीकडून सॉस, लोणचे किंवा सॅलडवरचे ड्रेसिंग आम्ही आणतच नाही. आई येथे राहायला आली तेव्हा जिऱ्या-हिंगाच्या फोडणीवरून तिने आधी पुष्कळ कुरकुर केली. नंतर वरणाला हीच फोडणी खरी, असे तीच पाहुण्यांना सांगू लागली.

गव्हाविना
टोरांटोकर, हिंगाची डबी उलटून जरूर पाहावी. बाजारात मिळणारा बांधानी हिंग बहुतेक वेळा मैदा किंवा तांदळाचे पीठ आणि डिंक मिसळून केलेला असतो. माझा सीलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणे) हा आजार काटेकोर अर्थाने अॅलर्जी नव्हे, पण मैद्याच्या हिंगाने माझे पोट बिघडते ते बिघडतेच.

एडिसनची सून
तिळाबद्दल अमेरिकेतली हकिकत ऐका. २०२१ च्या कायद्याने तीळ हा नववा प्रमुख अॅलर्जीकारक घटक ठरला आणि १ जानेवारी २०२३ पासून वेष्टनावर त्याची नोंद सक्तीची झाली. आम्ही आनंदात होतो. पुढे काय व्हावे? यंत्रे आणि जागा तिळापासून पूर्णपणे मुक्त ठेवणे खर्चिक, म्हणून काही बेकऱ्यांनी पावात मुद्दाम तिळाचे पीठ घालून तसे वेष्टनावर छापणेच पसंत केले. कायद्याचे पालनही झाले आणि आमच्या मुलाचा नेहमीचा बन मात्र बंद झाला. असल्या हुशारीला काय म्हणावे, हे सभ्य भाषेत लिहिता येत नाही.

खाऊवाली
विषय थोडा बाजूचा आहे, तरी विचारते. सूर्यफुलाच्या बिया भाजून गुळाच्या पाकात वड्या केल्या तर तिळगुळाची हौस भागेल का?

एडिसनची सून
उत्तम होतात, फक्त पाक जरा पक्का घ्यावा. मात्र त्या बिया तीळ किंवा शेंगदाण्याच्याच कारखान्यात भरलेल्या नाहीत ना, हे पाकिटावर वाचल्यावाचून पाक चुलीवर ठेवू नये.

लेस्टरचा भाऊ
आमचे दुखणे यादीबाहेरचे आहे. पत्नीला हरभऱ्याची अॅलर्जी आहे आणि ब्रिटनच्या १४ घटकांत हरभरा नाही. त्यामुळे वेष्टनावर चण्याचे पीठ लिहिलेले असले तरी ते ठळक छापण्याचे बंधन नसते आणि ते डोळ्यांत तेल घालून शोधावे लागते. त्यात ग्लुटेनमुक्त पदार्थांची चलती झाल्यापासून बेसन कुठे सापडेल याचा नेम राहिलेला नाही. २०१६ मध्ये नताशा एडनान-लापेरूस ही १५ वर्षांची मुलगी हीथ्रो विमानतळावर घेतलेल्या बगेट या लांबट पावातल्या तिळामुळे दगावली. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच तयार करून बांधून ठेवलेल्या खाद्यपदार्थांवरही सर्व घटक छापणे सक्तीचे झाले. त्या नियमाचा लाभ आम्हालाही होतो. मराठी घरी जेवायला जाताना मात्र आम्ही यजमानांना आदल्या दिवशी फोन करतो आणि ‘पिठले, भजी, कढी यांपैकी काही आहे का’ असे थेट विचारतो. पूर्वी हे उद्धटपणाचे वाटे, आता वाटत नाही.

ओसाकास्थित
मला बकव्हीट (कुट्टू) चालत नाही. भारतात असताना त्याची कधी गाठच पडली नव्हती, येथे मात्र त्याच्याच पिठाच्या सोबा नूडल्स जागोजागी आहेत. जपानमध्ये त्याची नोंद सक्तीची आहे, पण लहान दुकानांत सोबा आणि गव्हाचे उदोन पुष्कळदा एकाच पाण्यात उकळतात, म्हणून निव्वळ उदोन मागवून भागत नाही. खरा धक्का पारंपरिक पद्धतीच्या एका सरायीत बसला. रात्री शिंका, डोळे सुजलेले, घशात खवखव. जेवणात तर काहीच वावगे नव्हते. सकाळी उशीची शिवण दाबून पाहिली तर आत बकव्हीटची टरफले भरलेली. तेव्हापासून खोली आरक्षित करताना मी उशीचीही चौकशी करतो. ऐकणाऱ्याला प्रथम हसू येते, पण उशी बदलून मिळते.

टोरांटोकर
उशी! आम्ही आपले अजून ताटातच अडकलो होतो.

परिचारिका
उन्हाळ्यात मायदेशी जाणाऱ्यांसाठी लिहिते. अॅलर्जीचा तीव्र झटका आल्यास टोचायचे अॅड्रेनॅलिनचे तयार पेन भारतातल्या औषधांच्या दुकानांत सहजी मिळत नाही, म्हणून दोन पेने आणि डॉक्टरांचे पत्र हातातल्या सामानात ठेवावे. पेन फ्रिजमध्येही ठेवू नये आणि उन्हात उभ्या मोटारीतही नको. वेळ आली तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यांवरूनही देता येते. ते दिल्यावर बरे वाटू लागले तरी रुग्णालयात जावेच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

विएन्नावासी
आजी-आजोबांना हे शिकवावे कसे? सासरे सुईला घाबरतात.

परिचारिका
सुई आणि औषध नसलेले सरावाचे पेन मिळते, ते आधी पाठवून द्यावे. आमच्या सांगलीच्या आजोबांनी ते प्रथम स्वतःच्या मांडीवर, मग धोतर नेसून, मग शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या मांडीवर चालवून पाहिले. आता ते वापरावे कसे, हे तेच मला फोनवर समजावून सांगतात.